दीड हजार तास आले कुठून?

"मुलीला पायलट व्हायचंय. पार्ट ६१ घ्यावं की पार्ट १४१?" मंडळाच्या कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात देता देता एका मैत्रिणीने विचारलं. मी विमान चालवत नाही, इतिहासात पीएच.डी. करून सध्या पोस्टडॉक करते आहे. पण घरातली बचत ज्या आकड्यांच्या भरवशावर खर्च होणार, ते आकडे आले कुठून, एवढं मी सांगू शकते. तुमच्याही घरी हा प्रश्न कधीतरी निघेल, म्हणून लिहिते.

अमेरिकेत कमर्शियल पायलट व्हायला पार्ट ६१ खाली किमान २५० तास उड्डाण लागतं. शिक्षक आपण निवडायचा, वेळ सोयीने ठरवायची. पार्ट १४१ च्या शाळेत एफएएने मंजूर केलेला अभ्यासक्रम असतो, टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात आणि १९० तास पुरतात. ६० तासांचं विमानभाडं वाचलं, असं वाटतं ना? जरा थांबा.

कोणी उडायला शिकायचं, हे इथे नेहमीच काळाने ठरवलं आहे. बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीला अमेरिकेतल्या शाळांनी दारात उभं केलं नाही; ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये परवाना घेऊन आली. पुढे युरोपात युद्धाचे ढग जमले आणि सरकारलाच पायलट हवे झाले. डिसेंबर १९३८ मध्ये रुझवेल्टनी कॉलेजांमधून वैमानिक घडवण्याची योजना जाहीर केली. १३ कॉलेजं आणि ३३० विद्यार्थ्यांपासून सुरुवात झाली. १९४४ पर्यंत सुमारे ४,३५,००० जण शिकून बाहेर पडले. टस्कीगीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही याच योजनेने दार उघडलं.

२००१ मध्ये ते दार पुन्हा अरुंद झालं. ११ सप्टेंबरचे हल्लेखोर इथल्याच शाळांत शिकले होते. तेव्हापासून अमेरिकेचा नागरिक नसलेल्याला, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी, प्रशिक्षणाआधी सरकारी सुरक्षा तपासणीतून जावं लागतं.

आता दीड हजार तासांकडे येऊ. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली करायचं असतं. कॅप्टनने ते वर ओढलं. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट लागली. त्याआधी त्याला कमर्शियल प्रमाणपत्र पुरायचं. गंमत म्हणा की दुर्दैव, कोलगनच्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजाराहून जास्तच होते.

म्हणजे १९० की २५०, हा फरक एअरलाइनच्या दारापर्यंत पोचताना जवळजवळ विरघळतो. एक अपवाद असा: मान्यताप्राप्त कॉलेजातून विमानचालनाची चार वर्षांची पदवी आणि त्याला जोडून पार्ट १४१ चं प्रशिक्षण घेतलं, तर १००० तास चालतात.

उरलेले तास बहुतेक जण नवशिक्यांना शिकवून, पगार घेऊन जमवतात. आपल्या लोकांची खरी अडचण इथे आहे. मैत्रिणीची मुलगी एच-४ वर आहे. त्यावर शिकता येतं, पण पगारी शिक्षक होता येत नाही. २१ व्या वर्षी एच-४ संपेल. मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, तर उड्डाणासाठी तो पार्ट ६१ वर मिळत नाही. भारतात मात्र कमर्शियल परवान्याला २०० तास लागतात आणि सहवैमानिकाला दीड हजारांची अट नाही.

म्हणून तिला मी शाळेचं नाव सुचवलं नाही, तीन प्रश्न दिले. नोकरी कुठल्या देशात करायची आहे? प्रमाणपत्र हातात येईल तेव्हा काम करायची परवानगी असेल का? आणि १५०० पर्यंतचे तास कोण, कसे भरणार? याची उत्तरं मिळाली की ६१ की १४१ हे आपोआप ठरतं. पहिला हप्ता भरण्याआधी तुम्हीही ही उत्तरं कागदावर लिहून काढा.