मद्याचा पेला आणि ख्रिस्ती पंथभेद

भिवंडी परिसरातील कॅथलिक वर आणि अहमदनगरकडील (आजचे अहिल्यानगर) प्रॉटेस्टंट वधू यांचा विवाह ठरताना बोलणी धर्मतत्त्वांपाशी क्वचितच अडतात. ती अडतात मंडपात ‘टोस्ट’ उचलावा की नाही यापाशी. कॅथलिक पितात आणि प्रॉटेस्टंट पीत नाहीत, ही समजूत दोन्ही घरांत पक्की बसलेली असते. तिची मुळे कोठे आहेत, हे धर्मग्रामस्थांना ठाऊक असलेले बरे.

मद्यावरून पंथ ओळखण्याची रीत आयर्लंडच्या व्हिस्कीबाबत विशेष प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील अँट्रिम परगण्यातील बुशमिल्स प्रॉटेस्टंटांची आणि डब्लिनची जेमसन कॅथलिकांची, असे सांगितले जाते. इतिहास निराळे सांगतो. ज्यांच्या नावाने जेमसन ओळखली जाते ते जॉन जेमसन स्कॉटलंडहून आलेले प्रॉटेस्टंट गृहस्थ होते. पुढे 1970 च्या दशकापासून 2005 पर्यंत ही दोन्ही नावे एकाच उद्योगसमूहाकडे होती. तिजोरी एक आणि वाद मात्र गिऱ्हाइकांचा!

त्याच आयर्लंडमध्ये मद्यवर्जनाचा सर्वांत मोठा प्रचारक एक कॅथलिक धर्मगुरू होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. कॉर्क शहरातील कपुचिन संघाचे फादर थिओबॉल्ड मॅथ्यू यांनी 1838 साली मद्यवर्जनाची प्रतिज्ञा घेतली आणि पुढे लक्षावधी लोकांना ती दिली. या कार्यासाठी त्यांना गळ घालणारे विल्यम मार्टिन हे क्वेकर पंथाचे होते. 1898 मध्ये येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी ‘पायोनियर’ ही मद्यवर्जन संघटना स्थापन केली, तीही कॅथलिकच.

महाराष्ट्रात पंथभेदाला मद्याचा रंग चढला तो अमेरिका व इंग्लंडमधून आलेल्या चळवळींमुळे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले व 1831 पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन प्रॉटेस्टंटांमध्ये मद्यवर्जनाची चळवळ जोरात होती आणि तिचे संस्कार येथील मंडळ्यांवरही झाले. 1882 साली मुंबईत आलेल्या मुक्तिफौजेत तर मद्यवर्जन ही सभासदत्वाची अटच आहे. 1869 मध्ये थॉमस वेल्च या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस न आंबता टिकविण्याची युक्ती साधली, तीही प्रभुभोजनाच्या पेल्यासाठीच. तेव्हापासून अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत न आंबवलेला रस रूढ झाला. मात्र सर्वच प्रॉटेस्टंटांना एका मापाने मोजू नये. अँग्लिकन व लुथरन परंपरेत द्राक्षमद्यच वापरले जात आले आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे. 1983 च्या धर्मविधिसंहितेतील कलम 924 प्रमाणे मिस्सासाठी द्राक्षमद्य नैसर्गिक, द्राक्षवेलीच्या फळाचे व न बिघडलेले असले पाहिजे. मद्यासक्तीतून सावरणाऱ्या किंवा आजारामुळे मद्य वर्ज्य असलेल्या धर्मगुरूला ‘मस्टम’, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबविलेला द्राक्षरस, वापरण्याची मुभा मिळू शकते. 2003 च्या रोमच्या परिपत्रकात ती नमूद आहे. म्हणजे वेदीवरील पेला हा पिण्याचा परवाना नव्हे. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 2290 मद्याच्या अतिरेकाला स्पष्ट शब्दांत दोष देतो.

तरीही आपल्या समाजावर शिक्का बसला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने धार्मिक विधींसाठी द्राक्षमद्याची सोय राखून ठेवली होती. पण दारूबंदीच्या काळातील मुंबईत चोरट्या दारूचे अड्डे ‘आंटीचा अड्डा’ म्हणून ओळखले जात आणि हिंदी चित्रपटांनी झिंगलेला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षे हसण्यासाठी वापरला. हा शिक्का आपल्या मुलांना शाळेत व नोकरीत सोसावा लागतो. आणि लग्नसमारंभात बाटल्यांच्या रांगा मांडून आपणही तो गडद करतो, हे मान्य केलेच पाहिजे.

मिश्र विवाहाचा विधी सर्वसाधारणपणे मिस्साविना होतो, त्यामुळे वेदीवरील पेल्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. उरतो तो मंडपातला. टोस्टसाठी मद्य हवेच असा कोणताही धर्मनियम नाही. कोकम सरबताचे पेले उंचावून वधूवरांचे अभीष्ट चिंतिलेले विवाह प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत, आणि त्या पंगतीत दोन्हीकडचे आजोबा शेजारी बसले होते.