मामांची हार्डडिस्क

गेल्या शनिवार-रविवारी एक विंडोज ९८ चालू केलं. हसू नका, पुढे वाचा.

सदाशिव पेठेत माझ्या मामांचं छोटं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकाची पानं, असं सगळं. १९९८ साली मामींनी आपल्या आईकडून ऐकून लिहून घेतलेल्या ३१२ जात्यावरच्या ओव्या मामांनी फावल्या वेळात टाईप केल्या. पुस्तिका काढायची होती. ती राहिलीच. पुढे घर बदलताना वह्या रद्दीत गेल्या. २००३ साली डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा मी घोस्ट वापरून तिची इमेज काढली आणि ३ सीड्यांवर भरून ठेवली. "आता काही काळजी नाही मामा," असं छाती फुगवून सांगितलं होतं. मग डिस्क खरंच मेली, दुकान बंद झालं, पीसी भंगारात गेला.

आता मामी ७८ वर्षांच्या आहेत. परवा म्हणाल्या, "अरे, आईच्या त्या ओव्या तुझ्याकडे आहेत ना?" आहेत की! सीड्या शोधल्या. नशीब, तिन्ही वाचल्या गेल्या.

आता या इमेजला नवी डिस्क हवी. पण त्या काळच्या अनेक पीसींचा बायोस ८.४ जीबीच्या पुढे पाहूच शकत नसे, आणि आजच्या पीसीवर विंडोज ९८ नांदणार नाही. म्हणून लॅपटॉपवर वर्च्युअल मशीन बनवलं, त्याला खोटी ४ जीबीची डिस्क जोडली आणि इमेज तिच्यावर उतरवली. विंडोज ९८ तसं अडाणी पण समजूतदार. नवं हार्डवेअर दिसलं की दहा वेळा रीस्टार्ट मागतं, पण सुरू होतं. एक्सपी असतं तर कदाचित निळा पडदा दाखवून बसलं असतं, कारण डिस्क कंट्रोलर बदलला आणि त्याचा ड्रायव्हर आत नसला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

मामांचा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर आला, अगदी वॉलपेपरच्या गणपतीसकट. टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं आणि संदेश आला, की परवाना सापडत नाही. झालं!

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. संगणकावर भारतीय लिपी आणण्याचं मोठं काम आधी आयआयटी कानपूरला आणि नंतर पुण्यात झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवर देवनागरी दिसे. १९९१ साली इस्की हे भारतीय मानकही आलं. त्यात अक्षराला एक ठरलेला अंक होता, त्याचा आकार कसा काढायचा हा वेगळा प्रश्न. विचार अगदी बरोबर होता. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे.

पण विंडोज आलं आणि डीटीपीवाले फाँटच्या वाटेने गेले. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे, की झालं मराठी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यात चोरीची धास्ती, म्हणून कुणी प्रिंटरच्या पोर्टला डाँगल लावायला देई, तर कुणी परवाना थेट हार्डडिस्कच्या कारखान्यातल्या क्रमांकाला बांधे. मामांचं सॉफ्टवेअर या दुसऱ्या जातीचं. हा क्रमांक डिस्क स्वतः सांगते. तो आपल्या फायलींच्या सेक्टरांमध्ये नसतो, त्यामुळे इमेजमध्ये येतच नाही. मी २००३ साली सगळं घेतलं होतं, फक्त किल्ली सोडून.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "ती मेलेली डिस्क आहे रे माळ्यावर. टाकवली नाही." डिस्क वाचता येत नव्हती, पण वरचं लेबल वाचता येत होतं! वर्च्युअल डिस्कला आपण हवा तो क्रमांक देऊ शकतो. लेबलवरचा क्रमांक दिला, रीस्टार्ट केलं. सॉफ्टवेअर उघडलं, आणि पडद्यावर ३१२ ओव्या.

मजकूर युनिकोडमध्ये आणताना अजून एक गंमत झाली. त्या फाँटात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. म्हणून पहिल्या फेरीत 'सर्व'चं 'सवर्' झालं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, उरलेलं मामींनी ऐकून दुरुस्त केलं. मी वाचायचो, त्या थांबवायच्या.

हे फक्त आमच्या घरचं नाही. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावी फिरून १ लाख १० हजारांवर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने १९९० च्या दशकात त्यांचा डेटाबेस झाला. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पण तो ठेवा नव्या घरी पोचला. २०१७ पासून 'पारी' संकेतस्थळ त्या ओव्या प्रसिद्ध करू लागलं. तिथे वेळेवर कुणीतरी होतं. १९९० च्या दशकातल्या स्मरणिका, गावांचे इतिहास, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं अशा किती फायली पेठांतल्या माळ्यांवर पडल्या असतील, आणि त्यांच्यासाठी कोण आहे?

मी वीस वर्षं समजत होतो की माझ्याकडे बॅकअप आहे. तो दुसऱ्या डिस्कवर उतरवून कधी पाहिलाच नव्हता. तोवर ती फक्त आशा होती, सीडीवर लिहिलेली. मामांनी ती डिस्क टाकवली असती तर?

असो. ओव्या आता साध्या युनिकोड फाईलमध्ये आहेत, तीन ठिकाणी, आणि एक प्रत कागदावर. ती मामींच्या उशाशी असते.

तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी डिस्क असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी निदान तिच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.