तिसऱ्या कलमाचे कूळ

१२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे जे चार करार संमत झाले, त्यांत रणांगणावरील जखमी, समुद्रावरील जखमी, युद्धकैदी आणि नागरी प्रजा यांच्या संरक्षणाची तपशीलवार कलमबंदी आहे. परंतु त्या शेकडो कलमांत एक कलम असे आहे की, जे चारही करारांत त्याच क्रमांकाने व जवळजवळ त्याच शब्दांनी आलेले आहे. ते समाईक तिसरे कलम होय. करारांचा बाकीचा भार राष्ट्राराष्ट्रांतील युद्धांवर आहे. हे कलम मात्र एकाच राज्याच्या हद्दीत सरकारी फौज आणि बंडखोर, किंवा बंडखोरांचेच दोन पक्ष, परस्परांवर शस्त्र धरतात त्या यादवीसंबंधी बोलते. ज्याने शस्त्र खाली ठेवले, जो जखमी होऊन पडला, जो कैद झाला किंवा ज्याने शस्त्र कधी हाती घेतलेच नव्हते, अशा कोणाचाही वध वा छळ करू नये, कोणास ओलीस ठेवू नये, कोणाची विटंबना करू नये, रीतसर स्थापन झालेल्या न्यायालयाच्या निवाड्यावाचून कोणास शिक्षा देऊ नये, आणि जखमींस उचलून आणून त्यांची शुश्रूषा करावी, एवढीच त्याची आज्ञा आहे. इतकी साधी आज्ञा राजमान्य व्हावयास एक शतक लोटले, आणि ते का लोटले हे ध्यानात आल्यावाचून तिचा प्रसार कसा करावा हेही उमगत नाही.

या कलमाचे एक कूळ स्वित्झर्लंडात आहे. १८४७ च्या नोव्हेंबरात तेथील सात कॅथलिक प्रांतांची सोंडरबुंड नावाची जूट मोडण्यासाठी संघराज्याने फौज पाठविली, आणि तिचे आधिपत्य गियोम आंरी ड्यूफूर या सेनापतीकडे आले. आपल्या सरदारांना त्याने लेखी ताकीद दिली की, हटलेल्या शत्रूच्या जखमींची शुश्रूषा आपल्याच जखमींप्रमाणे करावी. कैद्यांस निःशस्त्र करावे, पण त्यांस इजा होऊ देऊ नये व अपशब्दही बोलू नये. पुन्हा शस्त्र धरणार नाही असे जो शपथेवर सांगेल त्यास घरी जाऊ द्यावे. आणि विरुद्ध पक्षाने अत्याचार केले तरी त्यांचा कित्ता गिरवू नये. ५ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात त्याने हीच गोष्ट साध्या शिपायाला समजावली, आणि कारण दिले ते असे की, हे कैदी व जखमी म्हणजे पूर्वी अनेकदा तुमच्याबरोबर एकाच छावणीत राहिलेली माणसे आहेत. युद्ध महिन्याच्या आत आटोपले, मृतांची संख्या दोन्ही पक्ष मिळून शंभराच्या आसपास राहिली, आणि पुढल्याच वर्षी जेते व पराजित एका राज्यघटनेखाली नांदू लागले.

दुसरे कूळ अमेरिकेतील यादवीत आहे. कोलंबिया कॉलेजातील अध्यापक फ्रान्सिस लीबर याचा एक पुत्र उत्तरेच्या बाजूने लढताना हात गमावून बसला होता, आणि दुसरा दक्षिणेच्या सैन्यात लढून १८६२ मध्ये जखमांनी मरण पावला होता. अशा दुभंगलेल्या घरातील या विद्वानाने युद्धनियमांचा जो मसुदा रचला, तो १५७ कलमांचा हुकूमनामा लिंकनच्या सरकारने २४ एप्रिल १८६३ रोजी आपल्या फौजांना लागू केला. पकडलेल्या बंडखोरांना राजद्रोही म्हणून फासावर द्यावे, तर तिकडे आपले कैदी फासावर जाणार, आणि त्यांना युद्धकैद्यांचे हक्क द्यावेत, तर त्यांचे राज्य मान्य केल्यासारखे होणार, असा सरकारपुढे पेच होता. मानवतेस्तव हे नियम पाळल्याने बंडखोरांच्या सरकारास कोणतीही मान्यता मिळत नाही, हे हुकूमनाम्याच्या अखेरच्या कलमांत स्पष्ट नमूद करून लीबरने तो सोडविला. ड्यूफूरने या धर्माला अंतःकरण दिले, तर लीबरने त्याला कायद्याची वाट दाखविली.

परंतु ही दोन कुळे एकत्र यावयास फार काळ जावा लागला. इटलीतील सोल्फेरिनोच्या रणभूमीवरील जखमींचे हाल पाहून आंरी ड्यूनां या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने जी चळवळ सुरू केली, तिच्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसची समिती उभी राहिली. ड्यूफूर तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि १८६४ च्या ऑगस्टात दहा कलमांचा पहिला जिनिव्हा करार झाला त्या परिषदेचेही अध्यक्षपद त्याच्याकडेच होते. असे असूनही त्या करारात यादवीविषयी चकार शब्द नाही. आपल्या प्रजेच्या बंडात परक्याने लक्ष घालावे हे कोणत्याच राज्यास रुचणारे नव्हते. १९१२ च्या वॉशिंग्टन येथील रेड क्रॉस परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा बंडखोरांप्रत आमच्या संस्थांचे कसलेही कर्तव्य असू शकत नाही, असे सांगून रशियाच्या प्रतिनिधीने त्याची चर्चाच होऊ दिली नाही. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने यादवीतील पीडितांचा मदतीवरील हक्क अखेर मान्य केला; आणि १९३६ साली स्पेन यादवीने पेटले तेव्हा मार्सेल ज्युनो या तरुण डॉक्टराने माद्रिद व बुर्गोस अशा दोन्ही सरकारांकडे जाऊन रेड क्रॉसच्या कार्यास संमती मिळविली. मोजक्या शब्दांत निव्वळ घरची खुशाली लिहिलेली पत्रे युद्धरेषा ओलांडून लक्षावधी कुटुंबांना पोहोचू लागली, ती या संमतीमुळे.

स्पेनचा हा अनुभव गाठीशी असल्यामुळे १९४९ च्या परिषदेपुढे यादवीत सर्वच करार लागू करावेत अशी सूचना आली, आणि अनेक सरकारांनी तीस कडवा विरोध केला. दरोडेखोरांची टोळीही उद्या युद्धमान पक्ष म्हणून मिरवील, हे त्यांचे भय होते. दीर्घ वादानंतर मोजक्या मूलतत्त्वांपुरतेच बंधन घालावे, ते उभय पक्षांवर सारखेच असावे, आणि या तरतुदींच्या अंमलाने कोणत्याही पक्षाच्या कायदेशीर दर्जावर परिणाम होणार नाही असे शेवटी नमूद करावे, यावर समेट झाला. हे अखेरचे वाक्य म्हणजे लीबरचाच वारसा होय, आणि त्यावाचून बाकीची वाक्ये कागदावर उतरलीच नसती. १९७७ च्या दुसऱ्या पूरक करारनाम्याने या कलमाचा विस्तार केला, आणि १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यातील नियमांना मानवतेच्या प्राथमिक तत्त्वांचा दर्जा दिला.

तरीही एक उणीव राहिली होती. करारावर सही करतात ती सरकारे. बंडखोराला कोणी विचारलेलेच नसते, आणि ज्याची संमती घेतली नाही त्याच्याकडून पालनाची अपेक्षा मात्र केली जाते. २००० साली स्थापन झालेल्या जिनिव्हा कॉल या संस्थेने यावर असा उपाय योजला की, सशस्त्र गटांच्या म्होरक्यांना जिनिव्हास बोलावून, भूसुरुंग वापरणार नाही अशा वचनपत्रावर त्यांची सही घ्यावयाची आणि ते पत्र तेथील प्रांतिक सरकारच्या दफ्तरी ठेवावयाचे. पुढे बालसैनिक, स्त्रियांवरील अत्याचार व वैद्यकीय सेवा या विषयांचीही वचनपत्रे निघाली. सहीचा हा विधी जिनिव्हातील ज्या अलाबामा दालनात होतो, तेथेच १८६४ चा करार झाला होता. ज्याने स्वहस्ते सही केली त्याला वचनाची आठवण देता येते, तपासणीस वाव मागता येतो आणि आपल्या माणसांना शिकवण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकता येते.

आणि शिकवण हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. भारताने १९५० मध्ये चारही करार स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला. करारांचा अभ्यास लष्करी शिक्षणात, आणि शक्य तर नागरी शिक्षणातही, समाविष्ट करावा असे बंधन त्याच करारांत आहे. ड्यूफूरने लढाई तोंडावर आलेली असताना शिकवणीचे हे काम केले, कारण रक्त तापल्यावर कोणताही नियम कानी पडत नाही हे तो जाणून होता. शाळांतून, छावण्यांतून आणि बंडखोरांच्या तळांवरूनही, शांततेच्या दिवसांत धीराने हे कलम समजावून सांगावे लागेल. शरण आलेल्या माणसावरील बंदूक खाली करावयाचा निर्णय शेवटी एकट्या शिपायाला क्षणार्धात घ्यावयाचा असतो, आणि त्या क्षणी त्याच्यापाशी कायद्याचे पुस्तक नसते, जे आधी अंगी मुरले असेल तेवढेच असते.