चल ध्वनिस्रोताचे वर्णन

अवकाशीय ध्वनिदृश्यात हलणाऱ्या आवाजाची दिशा, अंतर व वेग काळानुसार नोंदवण्याची पद्धत. प्रत्येक स्पीकरची पातळी आधीच ठरवून मुद्रित करणे हा जुना मार्ग. नव्या पद्धतीत स्रोताचे स्थान लिहिले जाते आणि स्पीकरचे गणित ऐकण्याच्या ठिकाणी होते.

संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन यांनी ‘कोन्टाक्टे’ या रचनेसाठी (१९५८–६०) कोलोनच्या स्टुडिओत फिरत्या मेजावर स्पीकर ठेवला, भोवती चार मायक्रोफोन लावले. फिरणे फितीवर उतरले; मार्ग मात्र वेगळा काढता येईल असा उरला नाही.

मार्ग आकड्यांत मांडण्याचे पायाभूत काम स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांचे (निबंध १९७१). श्रोता मध्ये, चौरसाच्या कोपऱ्यांवर चार स्पीकर. शेजारच्या दोन स्पीकरांतील ऊर्जेच्या वाटणीवरून दिशा ठरते. अंतरासाठी नुसता आवाज कमी करून भागत नाही. थेट आवाजाचा आयाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, निनादाचा अंतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून स्रोत लांब जाताना निनादाचा वाटा वाढतो. जवळच्या स्रोताचा निनाद चहूकडून येतो, लांबच्याचा मुख्यतः त्याच्याच दिशेने. जवळ येण्याचा वा दूर जाण्याचा वेग डॉप्लर परिणामामुळे स्वरातील चढउतारातून कळतो. ‘टुरेनास’ या रचनेमध्ये (१९७२) चाउनिंग यांनी लिसाझू वक्र वापरले, त्यांत स्रोत टोकाशी आपोआप मंदावतो, त्यामुळे वळण झटक्यासारखे वाटत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.२०७६ या शिफारशीत (२०१५) स्रोताच्या स्थानाचे वर्णन कालखंडांत विभागलेले असते. समोर शून्य अंश, डावीकडे धन, उजवीकडे ऋण. खरी कसोटी दोन नोंदींमधल्या प्रवासाची. तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. उदाहरणार्थ, १७० वरून उणे १७० अंशांवर जाणारा पक्ष्याचा आवाज श्रोत्याच्या पाठीमागून जेमतेम २० अंश सरकायला हवा. आकडे सरळ जोडले तर तो समोरून ३४० अंशांचा फेरा घेतो. क्ष-य-झ निर्देशकांत हा घोटाळा टळतो, पण डावीकडून उजवीकडे काढलेली सरळ रेषा श्रोत्याच्या डोक्यातून जाते. त्यामुळे मधली स्थाने नोंदवणे हा रचनेचाच भाग मानावा लागतो.

चित्रपटांत डॉल्बी अ‍ॅटमॉसमुळे (२०१२) स्रोतनिहाय वर्णन रूढ झाले.

संगणकीय खेळांत मार्ग बहुधा आधी लिहिलेला नसतो; खेळाडूच्या हालचालीनुसार तो त्या क्षणी ठरतो.