बकऱ्यांचा 'मावा' आणि हातावरचा फोड

बकरीच्या पिल्लाच्या ओठांवर खपल्या आल्या, म्हणून तुम्ही त्याचे तोंड धरून औषध लावले. आठवडाभराने तुमच्याच बोटावर लालसर, टणक फोड आला. परतवाडा-अचलपूर भागात अनेक घरांच्या अंगणात बकऱ्या असतात. अशा घरात हा फोड दिसला, तर तो 'मावा' असू शकतो. डॉक्टरांना फोड दाखवताना घरी बकऱ्या आहेत, हे आवर्जून सांगा.

मावा म्हणजे काय?

हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार आहे. इंग्रजीत त्याला ऑर्फ म्हणतात. ओठांवर, नाकपुड्यांजवळ, कधी सडांवर किंवा खुरांभोवती पुरळ येऊन जाड खपल्या धरतात. पिल्लांना त्रास जास्त होतो. तोंड दुखत असल्याने ती दूध पीत नाहीत आणि खंगतात. बहुतेक जनावरे ३ ते ४ आठवड्यांत बरी होतात. मात्र गळून पडलेल्या खपल्यांमध्ये हा विषाणू अनेक महिने जिवंत राहतो.

माणसाला कसा होतो?

हातावरच्या चिरेतून किंवा ओरखड्यातून विषाणू शिरतो. साधारण ३ ते ७ दिवसांनी फोड येतो. तो पिकल्यासारखा दिसला तरी आत सहसा पू नसतो. म्हणून तो फोडू किंवा कापू नका. त्यामुळे जखम वाढते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. जखमेत जंतुसंसर्ग झाला तरच त्याची गरज पडते. फोड स्वच्छ आणि झाकलेला ठेवा. बहुधा ६ आठवड्यांच्या आत तो आपोआप बरा होतो. माणसाकडून माणसाला हा आजार क्वचितच होतो.

कळपात काय करावे?

• आजारी बकरी व पिल्लू लगेच वेगळे बांधा. त्यांचे चारा-पाणीही वेगळे ठेवा.
• औषध लावताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. हाताला जखम असलेल्याने हे काम करू नये.
• खपल्या खरवडू नका. गळलेल्या खपल्या गोळा करून जाळा.
• पिल्लाला मऊ चारा द्या. गरज पडल्यास बाटलीने दूध पाजा.
• बाजारातून आणलेली बकरी २ ते ३ आठवडे कळपात मिसळू नका.
• औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्या. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

ताप, नाका-डोळ्यांतून स्राव आणि हगवण असेल, तर तो पीपीआर असू शकतो. पीपीआर माणसाला होत नाही, पण कळपात झपाट्याने पसरून बकऱ्या दगावतात. त्यावर लस आहे, ती जरूर टोचून घ्या. मात्र या लसीने मावा टळत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• ताप, वाढती सूज, हातावर वर चढणारी लाल रेघ किंवा काखेत दुखरी गाठ आल्यास.
• फोड डोळ्याजवळ असल्यास.
• मधुमेह, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असल्यास. गरोदर स्त्री किंवा लहान मुलाला फोड आल्यास.
• न दुखणारा, मध्यभागी काळा पडलेला आणि भोवती खूप सूज असलेला फोड आल्यास. ही काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. तिच्यावर अँटिबायोटिक वेळेत मिळणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. घरचे जनावर अचानक मेले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा जनावराची कातडी काढू नका, मांस खाऊ नका. आधी पशुवैद्यकांना कळवा.