हळदीच्या दुधामागची पेवं

नाक चोंदलं की आजी चुलीतल्या निखाऱ्यावर हळकुंड धरायची. त्याचं टोक लाल व्हायचं, धुराची रेघ निघायची. तो धूर नाकाने ओढला की डोळ्यांत पाणी, शिंकांवर शिंका आणि मग मोकळा श्वास. खोकल्याला हळद-गुळाची गोळी, निजताना हळद घातलेलं गरम दूध. त्यात तुपाचा थेंब आणि मिरपूडही पडे. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. मिऱ्यातल्या पिपेरिनमुळे ते अंगी अधिक लागतं. सर्दी यामुळे एका रात्रीत पळत नाही, पण घशाला ऊब मिळते आणि झोप लागते. आजारी माणसाला तेवढंही फार असतं.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत ही हळद वर्षभर पुरायची, त्यामागे कृष्णाकाठच्या मातीचा मोठा वाटा होता.

सांगली ही हळदीची जुनी पेठ. शेतातून काढलेले कंद शिजवायचे, उन्हात वाळवायचे, घासून चकचकीत करायचे आणि मग बाजारात आणायचे. पण भाव येईपर्यंत एवढा माल ठेवायचा कुठे? उत्तर सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखाली होतं. तिथली घट्ट माती सहजासहजी ढासळत नाही आणि पाणीही झिरपू देत नाही. त्या मातीत 20-25 फूट खोल पेवं खणलेली. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपत जाई आणि किडीला जगणंच अशक्य होई. औषध नाही, धुरी नाही; माल वर्षानुवर्षं टिके.

कीड मारणारी ती हवा माणसालाही मारू शकते, हे हमालांना पक्कं ठाऊक होतं. पेव उघडलं की ते काही वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला बांधलेला कंदील आत सोडायचा. ज्योत विझली तर कुणी पाय टाकायचा नाही. तेवती राहिली तरच माणूस खाली उतरे.

जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट 1997 साली रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने दिलेला तो लढा घरोघरी माहीत आहे, आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. हरिपूरच्या पेवांबद्दल मात्र सांगलीबाहेर फारसं कुणी बोलत नाही.

2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि भरलेली हळद नासली. त्या धक्क्यानंतर व्यापारी गोदामं आणि शीतगृहांकडे वळले. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवाच्या तोंडाशी कंदील घेऊन बसणारी माणसं विरळ झाली होती.