भिंतीआडची जात : तुरुंग, 'गुन्हेगार जमाती' आणि पुनर्वसनाचा प्रश्न

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात निकाल दिला. तुरुंगात जात बघून काम वाटणारे नियम घटनाबाह्य ठरले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, तीन महिन्यांत कारागृह नियमावल्या दुरुस्त करा, असे आदेश निघाले. आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी त्या दिवशी आनंद व्यक्त केला आणि तो योग्यच होता. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. घटना लागू झाली 26 जानेवारी 1950 रोजी. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 13 ने घटनेशी विसंगत जुने कायदे तेवढ्या प्रमाणात रद्द ठरवले. मग हे नियम आणखी 74 वर्षे जिवंत कसे राहिले?

याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजांनी तुरुंग बांधला, सवर्णांनी त्यात आपली जात राखून घेतली आणि स्वतंत्र भारताने ती तशीच पुढे चालवली. हा इतिहास समजून घेतल्याशिवाय कैद्यांच्या 'सुधारणे'ची आणि 'पुनर्वसना'ची चर्चा पोकळ ठरते.

स्वयंपाकघरातली लढाई

कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या तुरुंगांत कैद्याला रोजचा भत्ता रोख मिळत असे. तो आपला शिधा विकत घेई आणि आपली चूल आपण पेटवी. म्हणजे बाहेरची शिवाशिव आत जशीच्या तशी चालू होती. 1838 साली तुरुंग शिस्त समितीचा अहवाल आला. मेकॉले या समितीचा सदस्य होता. सर्व कैद्यांना तयार अन्न द्यावे, शिस्त कडक करावी, अशी समितीची भूमिका होती. पण याच समितीने असेही म्हटले की उच्च जातीच्या माणसाला एखाद्या धंद्याचे काम सक्तीने करायला लावले, तर तो कायमचा कलंकित होईल आणि त्याच्या साऱ्या कुटुंबाला ती भयंकर शिक्षा ठरेल. मेहतराला संडास साफ करायला लावण्यात कोणती शिक्षा आहे, याचा असा विचार झाला नाही. एकाचे श्रम 'कलंक' ठरले आणि दुसऱ्याचा कलंक 'सवय' ठरला.

पुढे 1840 च्या दशकात उत्तर भारतात सामाईक स्वयंपाक सुरू झाला. बिहारच्या तुरुंगांत सवर्ण कैद्यांनी दंगे केले आणि शहरातले लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. 1855 साली कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी देण्याचा हुकूम निघाला, कारण लोट्याचा शस्त्रासारखा वापर होण्याची भीती सरकारला होती. पण मातीचे भांडे एकदा विटाळले की शुद्ध करता येत नाही. आरा आणि मुजफ्फरपूर येथे मोठा उठाव झाला. सरकारने माघार घेतली.

काही इतिहासकार या घटनांकडे परकीय सत्तेविरुद्धचा प्रतिकार म्हणून पाहतात. तो प्रतिकार होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या प्रतिकारातून मिळाले काय, हे आपण पाहिले पाहिजे. मिळाले ते जातवार स्वयंपाकी. 1857 नंतर तर धर्म आणि चालीरीतींना हात लावायचा नाही हे सरकारचे धोरणच झाले. 1894 चा तुरुंग कायदा आला. त्याखाली प्रांतोप्रांती नियमावल्या बनल्या आणि त्यात जात छापील अक्षरांत जाऊन बसली. ज्यांचे श्रम या तडजोडीत गहाण पडले, त्यांचे मत कोणी विचारले नाही.

घटनेनंतरही मनूचा कायदा

राजस्थानचे कारागृह नियम 1951 सालचे आहेत. म्हणजे घटना लागू झाल्यानंतरचे! त्यात स्वयंपाकासाठी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी आणि संडासाच्या कामासाठी मेहतर, अशी व्यवस्था होती. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाई कामगार कोणत्या जातींमधून निवडावेत याची नावे होती. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत साध्या कैदेच्या कैद्याला हलके काम देऊ नये असे म्हटले होते, पण तो अशी कामे करण्याची सवय असलेल्या समाजाचा असेल तर द्यावे, अशी पुस्ती जोडली होती. 'सवय' हा शब्द नीट लक्षात घ्या. मनुस्मृतीने ज्याला जन्मसिद्ध कर्म म्हटले, त्यालाच सरकारी भाषेत 'सवय' म्हटले गेले.

पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 मध्ये हे सगळे उघडकीस आणले. राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 2021 मध्ये तिथले नियम बदलले. इतर राज्यांतले नियम शिल्लक होते, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने कलम 14, 15, 17, 21 आणि 23 यांच्या आधारे हे नियम मोडीत काढले. डिसेंबर 2024 अखेर केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श कारागृह नियमावलीतही दुरुस्ती केली.

आता पुनर्वसनाच्या दृष्टीने याकडे पाहा. दहा वर्षे शिक्षा भोगून एक कैदी बाहेर येतो, तेव्हा त्याच्या हाताला स्वयंपाकाची सवय असते. दुसरा बाहेर येतो आणि दहा वर्षे त्याने फक्त संडास धुतलेले असतात. सुधारगृह म्हणवणाऱ्या जागेने त्याला काय शिकवले? बाहेर जी जागा त्याच्यासाठी आधीच ठरलेली होती, तीच जागा पक्की करून दिली. याला पुनर्वसन म्हणत नाहीत. ही वर्णव्यवस्थेची पुनर्स्थापना आहे.

'सुधारणे'च्या नावाखाली तारेचे कुंपण

आपल्या पुण्याचा येरवडा तुरुंग 1871 सालचा. त्याच साली गुन्हेगार जमाती कायदा आला. एकीकडे गुन्हा केलेल्यांसाठी दगडी भिंती उभ्या राहत होत्या, तर दुसरीकडे जन्मालाच गुन्हा ठरवले जात होते. माणसाने काय केले हे बघायचेच नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पाहायचे! इंग्रजांना हा तर्क सुचला तो जातिव्यवस्थेकडे पाहूनच. सुताराचा मुलगा सुतार, तर चोराचा मुलगा चोर.

1911 च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही ही राजवट पसरली. सोलापूर, हुबळी, विजापूर, गदग अशा ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरकर या जागेला अजूनही सेटलमेंट म्हणतात. रोजची हजेरी, बाहेर जाण्यासाठी परवाना आणि गिरणीत किंवा इतरत्र मजुरी असे तिथले आयुष्य होते. यालाही सरकार 'सुधारणा' म्हणत असे. शाळा होती, काम होते, हे खरे. फक्त स्वातंत्र्य नव्हते. कैकाडी, पारधी, भामटा, मांग गारुडी, कंजारभाट अशा समाजांच्या पिढ्या कोणताही खटला न चालता कैदेत वाढल्या.

या वसाहतींचे अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करणारी समिती नेमली, तेव्हा अध्यक्ष म्हणून याच स्टार्ट यांना निवडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. 1930 साली अहवाल आला आणि त्यात शिक्षण, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, नोकऱ्या यांवर भर होता. 'गुन्हेगार' आणि 'अस्पृश्य' हे दोन्ही प्रश्न सरकार एकाच अधिकाऱ्याकडे सोपवत होते. आणि बाबासाहेब सदस्य असलेल्या समितीचा अहवाल माणसाला कुंपणात घालून सुधारायला सांगत नव्हता. तो त्याच्यासाठी बंद असलेली दारे उघडायला सांगत होता.

त्याच्या दहा-बारा वर्षे आधी कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी हेच करून दाखवले होते. 1918 साली त्यांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना जवळ केले, घरे आणि काम दिले, पहाऱ्यावर नेमले. ज्याला इंग्रज चोर म्हणत होते, त्याच्या हाती राजाने राखण दिली. पुनर्वसन म्हणजे विश्वास, हे शाहू राजांनी कृतीतून सांगितले.

1939 साली औंध संस्थानातही असा एक प्रयोग झाला. मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आणि राजांच्या पाठिंब्यातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, शेती आहे, कुटुंब सोबत आहे. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. म्हणजे दुसरा मार्ग माहीत नव्हता असे नाही. तो आपल्याच मातीत होता. तो अपवाद राहिला आणि कुंपण नियम झाले.

31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पण त्याची जागा 'सराईत गुन्हेगार' कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा. वस्तीत चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जाते, त्याची मुळे इथे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 च्या निकालात विमुक्तांना सराईत ठरवणाऱ्या या मानसिकतेवर बोट ठेवले आहे.

अंगुलीमाल आणि आपण

तुरुंगात आज अनेक कार्यक्रम होतात. 1975 मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गोएंका गुरुजींनी विपश्यना शिबिर घेतले. 1994 मध्ये तिहारमध्ये एक हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. मन शांत होणे ही मोठी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण कैद्याने मन बदलायचे आणि समाजाने काहीच बदलायचे नाही, हा बुद्धाचा विचार नव्हे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलीमालाच्या धम्मदीक्षेला जागा दिली आहे. ही कथा आपण नेहमी अर्धीच सांगतो. दरोडेखोर भिक्खू झाला, इथे थांबतो. पाली परंपरेतली कथा पुढे जाते. पसेनदी राजा घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो आणि तो भिक्खू झाल्याचे पाहून त्याला वंदन करतो. म्हणजे राज्यसंस्था माणसाचा बदल मान्य करते. पण अंगुलीमाल भिक्षेला गेला की दगड लागतात, डोके फुटते, चीवर फाटते. त्या अवस्थेत त्याला आधार देतो तो बुद्ध आणि त्याचा संघ. गुन्हेगाराच्या बदलाला तीन जण लागतात : तो स्वतः, राज्य आणि त्याला आपले म्हणणारा संघ.

सम्राट अशोकाने हे राज्यकारभारात आणले. धम्ममहामात्रांच्या कामात कैद्यांची काळजी होती. ज्याला मुलेबाळे आहेत, जो वृद्ध आहे, त्याच्या सुटकेकडे लक्ष द्यावे असे शिलालेखात कोरले आहे. राज्याभिषेकापासून 26 वर्षांत 25 वेळा कैदी सोडल्याची नोंद स्तंभलेखात आहे.

आजचे आकडे त्याशेजारी ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशाच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसे होती आणि क्षमता होती 4 लाख 36 हजारांची. यातले 4 लाख 34 हजार, म्हणजे सुमारे 76 टक्के, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. कच्च्या कैद्यांत साधारण पाचातला एक अनुसूचित जातीचा. 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या 16.6 टक्के. हा फरक गुन्हेगारीचा नाही. जामिनाला उभा राहील असा जमीनवाला नातेवाईक आपल्याकडे नाही, त्याचा आहे.

करायचे काय?

पहिले, नियमावली कागदावर बदलणे आणि बराकीत बदलणे यात अंतर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहात सफाई आणि स्वयंपाकाचे काम कसे वाटले जाते, याची माहिती अधिकारात विचारणा करा.

दुसरे, नोंदवहीतला जातीचा रकाना काम वाटण्यासाठी नको, हे बरोबर. पण किती दलित, आदिवासी, विमुक्त तुरुंगात आहेत याची राष्ट्रीय मोजणी थांबता कामा नये. जात लपवल्याने अन्याय संपत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

तिसरे, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेपेची किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे, तसेच एकाहून अधिक खटले असलेले कैदी यातून वगळले आहेत. आपल्या वस्तीतल्या किती घरांना हे माहीत आहे? विहारात रविवारी जमणाऱ्यांपैकी दोघांनी हे काम घेतले आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज पोहोचवले, तरी काही जण घरी येतील.

चौथे, सुटून आलेल्या माणसाला आपण काय देतो? त्याच्या मुलीला सोयरीक मिळत नाही, त्याला कोणी कामावर ठेवत नाही. दगड मारणारे हात नेहमी परक्यांचेच असतात असे नाही.

24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याच्या तुरुंगात बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. कैदी होते गांधी, पण हक्क गहाण पडले ते आपले. तेव्हापासून त्या भिंतींशी आपले नाते आहे. त्या भिंतींआड आज जे आपले लोक आहेत, त्यांना विसरून जातीअंताची लढाई पूर्ण होणार नाही.

जय भीम!